शोधनिबंधांची यंत्रपरीक्षा : पारदर्शकता, पुनरावर्तनक्षमता आणि आपला व्यवसाय

प्रास्ताविक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात विद्यार्थ्याने प्रथम शास्त्राची परीक्षा करावी, असा उपदेश आहे. वैद्यांची अनेक शास्त्रे लोकांत प्रचलित असतात. त्यांतील ग्राह्य कोणते हे पारखावे, त्यानंतर आचार्याची निवड करावी आणि मग अध्ययनास आरंभ करावा, असा तो क्रम होय. परीक्षेवाचून स्वीकार नाही, हा संस्कार आपल्या शास्त्राने आपल्यावर आरंभापासूनच केलेला आहे. मात्र ज्या काळी ग्रंथ हाताने लिहिले जात त्या काळी परीक्षेला अवधी होता. आज दिवसाकाठी शेकडो शोधनिबंध प्रसिद्ध होतात, आणि त्यांतील काही आपल्या रुग्णांच्या भ्रमणध्वनीवर आपल्या आधी पोहोचतात.

सन २०२१ च्या उन्हाळ्यातील एक प्रसंग आम्हांस विसरता येत नाही. आमच्या परिचयाचे एक औषधालयचालक हातात चार छापील पाने घेऊन आमच्याकडे आले. एका औषधनिर्मात्याच्या प्रतिनिधीने ती त्यांना दिली होती. "वैद्यराज, हे शास्त्रीय प्रमाण आहे म्हणतात. सहा महिन्यांचा माल एकदम उचलू का?" असा त्यांचा प्रश्न होता. पानांच्या शिरोभागी बारीक अक्षरांत सूचना होती की, सदर संशोधनाचे तज्ज्ञपरीक्षण झालेले नाही आणि त्याचा आधार प्रत्यक्ष चिकित्सेसाठी घेऊ नये. ती सूचना त्यांनी वाचली नव्हती आणि प्रतिनिधीने ती दाखविलीही नव्हती. आम्ही ती वाचली. परंतु पुढील मजकुरात नेमके काय पाहावे, याचे सुसंगत उत्तर त्या दिवशी आमच्यापाशीही नव्हते. "थोडे थांबा", एवढेच आम्ही म्हणालो. तो सल्ला योग्य असला तरी त्यामागील कारणमीमांसा अपुरी होती. त्या अपुरेपणाची भरपाई म्हणून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रीप्रिंट म्हणजे काय?

संशोधकाने निबंध लिहून नियतकालिकाकडे पाठविला की संपादक तो त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे परीक्षणासाठी देतात. त्यांच्या शंकांचे निरसन झाल्यावर निबंध प्रसिद्ध होतो. या क्रियेस अनेक महिने लागतात. परीक्षण होण्यापूर्वीच जो निबंध सार्वजनिक संग्रहात सर्वांना वाचावयास खुला केला जातो, त्यास प्रीप्रिंट म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञांनी १९९१ पासून 'आर्काइव्ह' या संग्रहाद्वारे ही प्रथा रूढ केली. जीवशास्त्रासाठी 'बायोआर्काइव्ह' हा संग्रह २०१३ मध्ये आणि वैद्यकासाठी 'मेडआर्काइव्ह' हा संग्रह जून २०१९ मध्ये सुरू झाला. मेडआर्काइव्ह सुरू होऊन वर्ष पूर्ण होण्याच्या आतच कोविड-१९ ची महासाथ आली आणि हजारो निबंध या दोन संग्रहांत जमा झाले.

संग्रहात घेण्यापूर्वी निबंधाची प्राथमिक छाननी होते. मजकूर शास्त्रीय स्वरूपाचा आहे काय, तो अन्यत्रून उचललेला नाही ना, त्यामुळे लोकांच्या आरोग्यास धोका संभवतो काय, इतके पाहिले जाते. निष्कर्ष बरोबर आहेत काय, हे त्या वेळी पाहिले जात नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. परीक्षण झालेला निबंध नेहमी विश्वसनीय आणि प्रीप्रिंट नेहमी अविश्वसनीय, असे समीकरण नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनविषयीचा एक निबंध 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित नियतकालिकात २२ मे २०२० रोजी परीक्षण होऊन प्रसिद्ध झाला. त्यातील माहितीचा मूळ साठा तपासणीसाठी उपलब्ध होईना, तेव्हा ४ जून २०२० रोजी तो मागे घेण्यात आला. नामांकित नियतकालिकाचा शिक्काही पुरेसा ठरला नाही, कारण मूळ माहिती कोणासही पाहावयास मिळाली नव्हती.

पुनरावर्तनक्षमता : औषधनिर्माणातील दृष्टान्त

एका संशोधकाला जे फल मिळाले ते दुसऱ्या संशोधकाला, त्याच पद्धतीने काम केले असता, मिळावे; या गुणास पुनरावर्तनक्षमता म्हणतात. औषधालयचालकांना ही कल्पना नवी नाही. आरोग्यवर्धिनीच्या पाठात निंबपत्रस्वरसाची भावना सांगितली आहे. समजा, एखाद्याने पाठ उतरवून घेताना घटकद्रव्यांची नावे लिहिली, परंतु प्रमाण लिहिले नाही, भावनाद्रव्य लिहिले नाही, किती दिवस मर्दन करावे हेही लिहिले नाही. अशा पाठावरून दुसऱ्या औषधशाळेत तीच आरोग्यवर्धिनी सिद्ध होणार नाही. पाठ खोटा आहे असे आपण म्हणणार नाही. पाठ अपुरा आहे असे म्हणू. संशोधनातील पारदर्शकता म्हणजे असा पूर्ण पाठ लिहिण्याची शिस्त होय.

अपुऱ्या पाठाचे परिणाम आधुनिक विज्ञानालाही भोगावे लागले. सन २०१२ मध्ये एका औषधकंपनीच्या संशोधकांनी 'नेचर' मध्ये नमूद केले की, कर्करोगाविषयीच्या ५३ महत्त्वाच्या मानल्या गेलेल्या निबंधांपैकी केवळ ६ निबंधांच्या निष्कर्षांना त्यांच्या प्रयोगशाळेत पुष्टी मिळाली. सन २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यासांची पुनरावृत्ती झाली, तेव्हा सुमारे ३६ टक्के अभ्यासांतच संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फल पुन्हा मिळाले. या सर्वच ठिकाणी लबाडी होती असे मुळीच नाही. लहान रुग्णसंख्या, अपुरे वर्णन, सोयीच्या फलाचीच निवड आणि न कळविलेले अपयश ही कारणे पुष्कळदा पुरेशी असतात.

यंत्राकडून छाननी

महासाथीत निबंधांचा ओघ एवढा वाढला की मनुष्यबळाने प्रत्येकाची छाननी करणे अशक्य झाले. तेव्हा बर्लिन येथील ट्रेसी वाइसगर्बर आणि अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांच्या कार्यगटाने निरनिराळ्या संगणकीय साधनांची एक साखळी तयार केली. तिचे नाव 'स्क्रीन-आयटी'. बायोआर्काइव्ह व मेडआर्काइव्ह येथील कोविडविषयक प्रीप्रिंट या साखळीतून जात आणि प्रत्येकाचा छोटा अहवाल निबंधासोबत वाचता येईल अशा रीतीने सार्वजनिकपणे जोडला जाई. या कार्याचे वृत्त जानेवारी २०२१ मध्ये 'नेचर मेडिसिन' मध्ये आले. साडेसहा हजारांहून अधिक निबंधांची अशी छाननी झाली होती. त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश निबंधांत लेखकांनी स्वतःच्या अभ्यासाची किमान एक मर्यादा मान्य केली होती. मूळ माहिती सर्वांस खुली करणाऱ्या निबंधांचे प्रमाण साधारणतः सातांत एक इतकेच होते.

या साखळीतील प्रमुख साधने आणि प्रत्येकापासून आपण घ्यावयाचा बोध पुढीलप्रमाणे :

१) सायस्कोर : हे साधन निबंधातील 'साहित्य व पद्धती' हा भाग वाचते. रुग्णांची गटांत विभागणी यादृच्छिक पद्धतीने केली काय, फल मोजणाऱ्यास कोणता रुग्ण कोणत्या गटातील हे ठाऊक नव्हते काय, रुग्णसंख्या किती असावी याचे गणित आधी मांडले होते काय, स्त्री-पुरुष भेदाचा विचार झाला काय, नीतिसमितीची मान्यता व रुग्णांची संमती यांचा उल्लेख आहे काय, इत्यादी बाबी ते शोधते. प्रयोगात वापरलेल्या प्रतिपिंडांना व पेशींना विशिष्ट ओळखक्रमांक दिला आहे काय, हेही ते पाहते. याच साधनाच्या साहाय्याने नियतकालिकांचा अभ्यास करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असे आढळले की, काटेकोरपणाचे निकष वर्षानुवर्षे अधिक पाळले जात असले तरी त्यांतील निम्म्याहून कमी निकषांचाच उल्लेख लेखक नियमितपणे करतात. तसेच नियतकालिकाची 'इम्पॅक्ट फॅक्टर' म्हणून मिरविली जाणारी प्रतिष्ठा आणि त्यातील निबंधांचा काटेकोरपणा यांत काहीही परस्परसंबंध दिसून आला नाही. मोठ्या नावाला भुलणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

२) ऑडपब : मूळ माहिती अथवा संगणकीय आज्ञावली खुली केल्याचे विधान हे साधन शोधते. 'विनंतीनुसार माहिती देण्यात येईल' या सर्वत्र आढळणाऱ्या वाक्यास ते खुली माहिती मानीत नाही. ते योग्यच आहे.

३) मर्यादा ओळखणारे साधन : लेखकाने स्वतःच्या अभ्यासातील उणिवा लिहिल्या आहेत काय, हे पाहते. ज्या निबंधात एकही उणीव मान्य केलेली नाही, त्यातील लेखकाविषयी सावध राहावे, कारण निर्दोष अभ्यास अस्तित्वात नसतो.

४) चाचणी-नोंदणीचा क्रमांक शोधणारे साधन : निबंधात चाचणीचा नोंदणीक्रमांक आहे काय आणि तो क्रमांक नोंदवहीत खरोखर सापडतो काय, हे तपासते. याविषयी अधिक विवेचन पुढे केले आहे.

५) निधी व हितसंबंध शोधणारे साधन : अभ्यासाचा खर्च कोणी केला आणि लेखकांचे आर्थिक हितसंबंध काय, याची विधाने शोधते.

६) संदर्भ तपासणारे साधन : निबंधात आधारादाखल दिलेल्या निबंधांपैकी एखादा मागे घेतला गेला आहे काय, हे सांगते.

७) आकृत्या तपासणारी दोन साधने : 'जेटफायटर' हे इंद्रधनुष्यी रंगपट्टीच्या आकृत्या शोधते; अशा आकृत्या फसव्या असतात आणि रंगांधळ्या वाचकास नीट वाचता येत नाहीत. 'बारझूका' हे स्तंभालेखांचा गैरवापर शोधते. यांपैकी दुसऱ्याचा विचार आपण विस्ताराने करू.

स्तंभालेखात दडलेला रुग्ण

समजा, संधिवाताच्या वीस रुग्णांचे दहा-दहांचे दोन गट केले. एका गटास एक क्वाथ आणि दुसऱ्या गटास दुसरा क्वाथ दिला. वेदना शून्य ते दहा या पट्टीवर मोजली. पहिल्या गटात प्रत्येक रुग्णाची वेदना दोन ते चार अंकांनी घटली. सरासरी घट तीन अंक. दुसऱ्या गटात पाच रुग्णांची वेदना सहा अंकांनी घटली आणि उरलेल्या पाच जणांना यत्किंचितही उपशय मिळाला नाही. येथेही सरासरी घट तीन अंकच. स्तंभालेख काढला तर दोन्ही स्तंभ समान उंचीचे दिसतील आणि 'दोन्ही क्वाथ समान गुणकारी' असा निष्कर्ष लिहिला जाईल. स्तंभावर काढलेल्या उभ्या रेषेवरून विखुरलेपणाची थोडी कल्पना येईल. परंतु रुग्णांचे स्वच्छ दोन वर्ग पडले आहेत, हे तिच्यावरून कळणार नाही.

वैद्याच्या दृष्टीने मात्र हे दोन क्वाथ समान नाहीत. दुसऱ्या क्वाथाचे पाच रुग्ण का सुधारले आणि पाच का सुधारले नाहीत, हाच खरा चिकित्सेचा प्रश्न आहे. सुधारलेले निराम अवस्थेतील होते काय? न सुधारलेले साम अवस्थेतील होते काय? प्रकृती, वय, कालावधी, अग्नी यांत भेद होता काय? व्याधी एकच असूनही अवस्थाभेदाने चिकित्साभेद होतो, हे आपल्या शास्त्राचे वैशिष्ट्य आपण नित्य सांगतो. ते वैशिष्ट्य ज्या ठिकाणी सिद्ध करून दाखविता आले असते, नेमक्या त्याच ठिकाणी सरासरीचा स्तंभ उभा करून आपण ते झाकून टाकतो. प्रत्येक रुग्णासाठी एक ठिपका काढला असता तर हा भेद पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात आला असता. वाइसगर्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ पासून हाच आग्रह धरला आहे : रुग्णसंख्या लहान असेल तर सरासरीचे स्तंभ काढू नका, प्रत्येक रुग्ण दाखवा. हा आग्रह आयुर्वेदास प्रतिकूल नाही. किंबहुना इतर कोणत्याही पद्धतीपेक्षा तो आपल्यालाच अधिक उपकारक आहे.

यंत्रास काय कळत नाही?

यंत्र 'उल्लेख' शोधते, 'सत्य' शोधत नाही. यादृच्छिक विभागणी केली असे वाक्य सापडले की त्या रकान्यात होकार येतो. विभागणी खरोखर झाली काय, हे यंत्रास कळत नाही. उलट एकाच रुग्णाच्या वृत्तांतात यादृच्छिक विभागणीचा प्रश्नच उद्भवत नाही, तरीही यंत्र 'उल्लेख नाही' असे कळविते. कधी उल्लेख असूनही ते यंत्राच्या नजरेतून सुटते. हे दोष साधनांच्या निर्मात्यांनी स्वतःच मान्य केलेले आहेत आणि अहवाल हा परीक्षकास साहाय्यक आहे, परीक्षकाचा पर्याय नाही, अशी त्यांची भूमिका आहे.

या मर्यादेचे ठळक उदाहरण आयव्हरमेक्टिन या औषधाचे होय. नोव्हेंबर २०२० मध्ये इजिप्तमधील एका चाचणीचा प्रीप्रिंट 'रिसर्च स्क्वेअर' या संग्रहात आला. त्यात कोविडच्या रुग्णांमधील मृत्यूंत फार मोठी घट झाल्याचा दावा होता. अनेकांनी आपल्या एकत्रित विश्लेषणांत तो समाविष्ट केला आणि त्यांच्या अनुकूल निष्कर्षास त्यामुळे बळ आले. यादृच्छिक विभागणी, तुलनागट, संख्याशास्त्र असे सर्व शब्द त्यात होते. पुढे इंग्लंडमधील एका वैद्यकीय विद्यार्थ्याने मूळ माहिती मिळवून ती ओळीने वाचली. तेव्हा काही रुग्णांचा मृत्यू अभ्यास सुरू होण्यापूर्वीच झाल्याची नोंद, काही रुग्णांच्या जशाच्या तशा पुन्हा आलेल्या नोंदी आणि अन्यत्रून उचललेला मजकूर उघडकीस आला. जुलै २०२१ मध्ये तो प्रीप्रिंट संग्रहातून काढण्यात आला.

परंतु तत्पूर्वी काय घडले होते? जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्येच हे औषध चाचण्यांव्यतिरिक्त वापरू नये असे सांगितले होते. तरीही मे २०२१ मध्ये गोवा राज्यात अठरा वर्षांवरील सर्वांना ते प्रतिबंधक म्हणून देण्याची घोषणा झाली. त्या निर्णयास हा एकच निबंध कारण झाला असे आम्ही म्हणत नाही. त्या काळी आशेचा प्रत्येक किरण सर्वांनाच मोठा वाटत होता. पुढे ब्राझीलमध्ये १३५८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे फल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण या औषधाने कमी होत नाही असे दिसून आले. कच्च्या प्रमाणावर उभारलेली आशा किती लवकर गावोगाव पोहोचते, हे यावरून कळते. आणि तो दोष ज्याने शोधला त्याने कोणतेही गूढ तंत्र वापरले नव्हते; त्याने मूळ तक्ता मागितला आणि तो वाचला. यंत्र एवढेच सांगू शकते की तक्ता खुला आहे अथवा नाही. तो वाचण्याचे काम माणसाचेच राहते.

आपल्या द्रव्यांचा प्रश्न

वर उल्लेखिलेली साधने जगातील सर्वसामान्य जीववैद्यकीय संशोधनासाठी बनविलेली आहेत. प्रतिपिंडास ओळखक्रमांक आहे काय, हे ती विचारतात. रास्ना कोणती वापरली, हे विचारीत नाहीत. आपल्याकडे मात्र द्रव्याच्या ओळखीचाच प्रश्न सर्वप्रथम येतो. उत्तर भारतात रास्ना म्हणून प्लुचिया लँसिओलाटा घेतात, दक्षिणेत अल्पिनिया गलंगा. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून पुष्कळदा सेंटेला एशियाटिका म्हणजे मंडूकपर्णी मिळते, तर ग्रंथांच्या अनेक अभ्यासकांच्या मते ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी. शंखपुष्पी या नावाने कॉन्व्हॉल्व्हुलस, इव्हॉल्व्हुलस आणि क्लिटोरिया या तीन निरनिराळ्या वंशांतील वनस्पती बाजारात येतात. अशोकाच्या सालीत आसोपालवाची साल मिसळली जाते, हे आपणांस सांगावयास नको. ज्या निबंधात केवळ 'रास्ना क्वाथ ४० मिलि' एवढेच लिहिले आहे, त्याची पुनरावृत्ती करावयाची तरी कोणत्या रास्नेने?

यंत्र विचारीत नसले तरी हा प्रश्न विचारणारी यादी उपलब्ध आहे. चिकित्सा-चाचण्यांचे वृत्त कसे लिहावे यासाठी १९९६ पासून 'कॉन्सॉर्ट' नावाची मार्गदर्शक यादी प्रचलित असून तिची नवी आवृत्ती २०२५ मध्ये आली. वनौषधींच्या चाचण्यांसाठी तिचा विस्तार २००६ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. त्यानुसार वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेले अंग, अर्क काढण्याचे माध्यम व त्याचे प्रमाण, मात्रा व ती ठरविण्याचे कारण, द्रव्याची ओळख व शुद्धता यांसाठी केलेल्या चाचण्या, तुलनेसाठी वापरलेल्या निष्क्रिय औषधाचे स्वरूप आणि चिकित्सा देणाऱ्याची अर्हता हे सर्व लिहावे लागते. नाम, रूप व गुण यांनी अज्ञात असलेले औषध अनर्थास कारण होते, ही चरकाचार्यांची चेतावणी आणि ही यादी यांत आम्हांस तत्त्वतः काही भेद दिसत नाही.

नोंदणीक्रमांक वाचण्याची रीत

भारतातील चिकित्सा-चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही, म्हणजे सीटीआरआय, जुलै २००७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या छत्राखाली सुरू झाली. औषध महानियंत्रकांनी जून २००९ पासून औषधचाचण्यांची नोंदणी अनिवार्य केली. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वी केलेली नोंदणीच स्वीकारली जाते. आयुर्वेदीय चाचण्यांची नोंदही येथेच होते. एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने कोविडविषयक संशोधनास अनुमती देणारी अधिसूचना काढली, तेव्हा नीतिसमितीच्या मान्यतेसोबत या नोंदणीची अटही घातली होती.

नोंदणीक्रमांकातच वर्ष व महिना लिहिलेला असतो. तो पाहून निबंधातील 'रुग्ण घेण्यास आरंभ' या तारखेशी ताडून पाहावा. नोंदणी नंतरची असेल तर सावध व्हावे. त्यानंतर नोंदवही उघडून तीन गोष्टी पाहाव्यात : किती रुग्ण घेण्याचे ठरले होते, मुख्य फल म्हणून काय मोजण्याचे ठरले होते आणि नोंदीत शेवटचा बदल केव्हा झाला. समजा, नोंदीत मुख्य फल 'तीन महिन्यांनी गुडघ्याची वेदना' असे आहे आणि निबंधात 'एका महिन्याने सकाळचा ताठरपणा' हेच ठळकपणे मांडले आहे. तर तीन महिन्यांच्या वेदनेचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार वाचकास आहे. नेम आधी धरून बाण मारणे आणि बाण लागला तेथे वर्तुळ काढणे, यांतील भेद या एका तपासणीने उघड होतो.

नित्य उपयोगासाठी प्रश्नावली

संगणकीय साधने हाताशी नसली तरी त्यांमागील प्रश्न आपल्याला कागदावर उतरविता येतात. कोणताही निबंध हाती आल्यावर पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत :

१) निबंधाचे तज्ज्ञपरीक्षण झाले आहे काय? झाले नसेल तर तशी सूचना कोठे आहे? तो पुढे मागे घेतला गेला आहे काय?
२) चाचणीचा नोंदणीक्रमांक आहे काय? तो रुग्ण घेण्याच्या आधीचा आहे काय?
३) नीतिसमितीची मान्यता व रुग्णांची संमती नमूद आहे काय?
४) तुलनागट होता काय? विभागणी कशी केली, हे केवळ शब्दाने न सांगता रीतीसह सांगितले आहे काय?
५) फल मोजणाऱ्यास गट ठाऊक होता काय?
६) मध्येच सोडून गेलेल्या रुग्णांचा हिशेब दिला आहे काय?
७) द्रव्याचे शास्त्रीय नाव, अंग, निर्मितीची रीत व शुद्धतेच्या चाचण्या दिल्या आहेत काय?
८) प्रत्येक रुग्णाचे फल पाहावयास मिळते काय, की केवळ सरासरी?
९) उपद्रवांची नोंद आहे काय? 'कोणताही उपद्रव आढळला नाही' असे असेल तर तो शोधला कसा, हे लिहिले आहे काय?
१०) खर्च कोणी केला? लेखकांपैकी कोणी त्या औषधाच्या निर्मितीशी संबंधित आहे काय? स्वतःच्या मर्यादा त्यांनी लिहिल्या आहेत काय?

या दहांपैकी किती उत्तरे होकारार्थी आली म्हणजे निबंध ग्राह्य, असे गणित आम्ही मुद्दाम देत नाही. गुणांकन केले की माणसे अंक पाहतात आणि वाचणे सोडतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल आणि सातव्याचेही, तर पुढील आठ होकारांनी ती उणीव भरून निघत नाही.

औषधालयचालकांसाठी एक वेगळी सूचना आहे. नवे पेटंट अथवा प्रोप्रायटरी औषध घेताना प्रतिनिधीने निबंध दाखविला तर प्रथम विचारावे की, ज्या द्रव्यावर चाचणी झाली तेच द्रव्य, त्याच मात्रेत व त्याच कल्पनेत, या डबीत आहे काय? अर्कावर झालेली चाचणी चूर्णाच्या विक्रीस आधार होत नाही. एका घटकावरील चाचणी बारा घटकांच्या गोळीस लागू होत नाही. औषध नियमावलीत २०१० मध्ये समाविष्ट झालेल्या १५८-ब या नियमानुसार निर्मात्यास परवान्यासाठी सुरक्षितता व परिणामकारकतेचा आधार द्यावा लागतो. तेव्हा तो आधार कोणता, हे विक्रेत्याने विचारणे अनाठायी नाही. न खपलेला माल फळीवर राहतो आणि त्यात पैसा अडकतो, एवढेच नुकसान नाही. गुण न आलेला रुग्ण त्याच फळीसमोर पुन्हा येऊन उभा राहतो आणि दोष कंपनीला देत नाही, आयुर्वेदाला देतो.

जे सभासद स्वतः रुग्णवृत्तांत लिहितात त्यांनी हीच प्रश्नावली लेखनापूर्वी समोर ठेवावी. चिकित्सालयातील दहा रुग्णांचा प्रामाणिक तक्ता, ज्यात अपयशी रुग्णही आहेत, तो शंभर रुग्णांच्या नुसत्या सरासरीपेक्षा मोलाचा असतो.

उपसंहार

यंत्राने निबंध तपासावेत ही कल्पना काहींना कृत्रिम वाटेल, काहींना आपल्या शास्त्रावरील आक्रमण वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा ज्या शास्त्राने सांगितली, त्याला परीक्षेचे भय असण्याचे कारण नाही. आप्त कोण, तर जो रज व तम यांपासून मुक्त आहे, असे आपण शिकलो. आजच्या निबंधाचा लेखक तसा आहे की नाही, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून त्याने आपले साहित्य, आपली पद्धत, आपला खर्च देणारा आणि आपले अपयश उघड करावे, एवढी अपेक्षा आपण धरू शकतो. यंत्र त्या अपेक्षेची आठवण करून देते. तिची पूर्तता झाली की नाही, हे वैद्यानेच पाहावयाचे आहे.

आमच्या त्या औषधालयचालक स्नेह्यांनी सहा महिन्यांचा माल तेव्हा उचलला नाही. त्यांनी प्रतिनिधीला आमच्या सांगण्यावरून चाचणीचा नोंदणीक्रमांक विचारला. प्रतिनिधी "कळवितो" म्हणून गेला आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. आज ते कोणतेही छापील पान हाती आले की प्रथम त्याच्या शिरोभागाची बारीक अक्षरे वाचतात, आणि मग द्रव्याचे नाव शोधतात. आपल्या सभासदांनी येत्या तीन महिन्यांत आपल्या हाती येणारा एक तरी निबंध वरील दहा प्रश्नांनी तपासून पाहावा आणि आपल्या शाखेच्या मासिक सभेत त्याची चर्चा घडवून आणावी, अशी नम्र विनंती करून आम्ही हा लेख येथे पूर्ण करतो.